'जमलं' दाबेपर्यंत

सोमवारी संध्याकाळी त्याने पोरीच्या पाठीत स्टूल घातलं. मंगळवारी दुपारी चार वाजता तोच माणूस एका अनोळखी बाईला लिहीत होता, 'घाबरू नका, चूक सगळ्यांकडून होते.'

तो म्हणजे माझा नवरा. एकोणीस वर्षं मी 'हे' म्हणत आले, आता 'तो' म्हणते. ज्याला खटकेल त्याने कानात बोळे घालावेत.

गोदामात माल चढवणाऱ्यांवर देखरेख करायची त्याची नोकरी. पहाटे जायचा, दुपारी दोनला यायचा. आणि मंगळवार-शुक्रवार चार ते सहा समाजसेवा. अंध लोकांसाठी पुस्तकं टाइप करणाऱ्यांचा एक ऑनलाइन गट आहे. एका बाजूला छापील पानाचा फोटो, दुसऱ्या बाजूला रिकामी चौकट. बघून बघून टाइप करायचं, मग कॉम्प्युटर ते अंधांना वाचून दाखवतो. काम चांगलंच आहे, कामाला मी नावं ठेवत नाही. गटात रोज नवी माणसं येतात, गोंधळतात, 'मदत हवी' असं बटण दाबतात. मग समोर मदतनीस बसलेला असतो, तो चॅटवर त्यांच्याशी बोलतो, हाताला धरून शिकवतो. मंगळवार-शुक्रवारचा मदतनीस म्हणजे आमचं हे रत्न.

त्याच्या टेबलासमोर भिंतीवर मदतनिसांचे नियम चिकटवलेले होते. केर काढताना रोज वाचून मला पाठ झालेले. नव्या माणसावर रागवायचं नाही. तो कोण, कुठला, विचारायचं नाही. एका वेळी एकाशीच बोलायचं. आणि समोरचा माणूस स्वतः 'जमलं' हे बटण दाबत नाही तोवर खुर्ची सोडायची नाही, मग आपली वेळ संपली तरी. मध्येच उठून गेलं की मदतनिसाच्या नावापुढे लाल ठिपका लागतो, तो सगळ्या गटाला दिसतो; मदतीचं चॅटही गटातल्या कोणालाही वाचता येतं. चार वर्षांत ह्याच्या नावापुढे एकही ठिपका नव्हता. गटात त्याला शांतदादा म्हणतात. शांतदादा! पहिल्यांदा ते नाव स्क्रीनवर वाचलं तेव्हा सुपलीतला केर माझ्या हातून परत जमिनीवर सांडला.

ह्या शांतदादाने माझा कानाचा पडदा फाडलाय. डाव्या कानाने मला आजही नीट ऐकू येत नाही. माझी एक दाढ त्याने भिंतीवर पाडलीय. दवाखान्यात मी दर वेळी सांगायचे, घसरले, कपाट लागलं, जिन्यात पाय मुडपला. तिथल्या नर्सबाई एकदा म्हणाल्या, "बाई, तुमचं घर आहे की सर्कस?" मी हसले. हसताना ओठ फाटला.

माझं सोडा. मी निर्ढावले होते. पण पोर अठराची झाली, तिला दुसऱ्या गावी नर्सिंगला जागा मिळाली, होस्टेलसकट. माझ्या ताईने, म्हणजे तिच्या मावशीने, गुपचूप अर्ज भरला होता. ते पत्र ह्याच्या हाती लागलं. त्याने ते फाडलं, तिचा फोन जमिनीवर आपटून टाचेने चेचला आणि म्हणाला, "उंबरा ओलांडलास तर दोन्ही तंगड्या मोडून देईन हातात." तो नुसतं बोलणाऱ्यातला नव्हे. त्या दिवसापासून कामावर जाताना तो बाहेरून कुलूप लावून जायला लागला, पोर आत. मी हॉटेलच्या लाँड्रीत चादरी धुते, माझी सुट्टी एकला. मी एक तास जिन्यात बसून राहायची, तो येऊन कुलूप काढेपर्यंत. शेजारी विचारायचे, "किल्ली विसरलात?" मी म्हणायची, "हो ना, डोकंच ठिकाणावर नाही."

बुधवारी सकाळी दहाला पोर होस्टेलवर हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी साडेपाचची बस. दुसरी गाडी नव्हती आणि दुसरी संधी तर नव्हतीच. ह्या घरात ती आणखी वर्षभर राहिली तर एक दिवस तिला खांद्यावरून बाहेर काढावं लागलं असतं. मला त्यात तिळमात्र शंका नव्हती.

तुम्ही म्हणाल, दोघी पळून का नाही गेलात? गेलो होतो. दोन वर्षांपूर्वी. तो दहा मिनिटांत मोटरसायकलवर स्टँडवर आला. बस समोर उभी, आम्ही पायरीवर, आणि त्याने मला वेणीला धरून खाली ओढलं. पोरीच्या तोंडावर हेल्मेट मारलं. चाळीस माणसं बघत होती. एका भल्या गृहस्थाने नंतर आम्हाला पाण्याची बाटली दिली. म्हणून ह्या वेळी एक गोष्ट पक्की होती: बस हलेपर्यंत त्याला कळता कामा नये.

आणि त्याला खुर्चीत कसं बसवायचं, ते मला एकटीलाच ठाऊक होतं.

ते कसं, ते सांगायला हवं. चार महिन्यांपूर्वी त्याने माझ्या डोक्यात ताट मारलं होतं. दुसऱ्या दिवशी लाँड्रीत चादरींच्या ढिगामागे बसून मी माझ्या जुन्या फोनवर तो गट उघडला. का, विचारू नका. बघायचं होतं की हा मेला बाहेरच्या लोकांशी बोलतो तरी कसा. 'पाहुणी' असं नाव घेतलं. त्याची वेळ झाली तेव्हा घरी बाथरूममध्ये गेले, कडी लावली, बादलीवर बसले आणि 'मदत हवी' दाबलं. लिहिलं, 'मला काहीच येत नाही हो.' त्याचं उत्तर आलं, 'ताई, घाबरू नका. इथे कोणी रागावत नाही. आपण सावकाश करू.'

मी रडले. एकोणीस वर्षांत त्याने मला 'सावकाश' म्हटलं नव्हतं. मग स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. अगं बये, पाच फुटांवर, दारापलीकडे तोच माणूस बसलाय, आणि तू त्याच्या दोन शब्दांवर विरघळतेस?

पण मी जात राहिले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. आणि हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. चॅटवर कोणी नसलं की तो खुर्ची गर्रकन फिरवायचा, चहा मागायचा, कोण कुठे आहे बघायचा. पण कोणी असलं की कानाला हेडफोन, डोळे स्क्रीनवर, पाठ दाराकडे. एकदा मी त्याला चाळीस मिनिटं अडकवून ठेवलं. तेवढ्या वेळात स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन, जळून, भांड्याला भोक पडायची वेळ आली. त्याने मान वळवली नाही.

तेव्हाच माझ्या डोक्यात आलं.

मंगळवारी लाँड्रीतून येताना शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणली. तो अंघोळीला गेला तेव्हा दाराच्या कडीत आणि बिजागऱ्यांत तेल घातलं. पोरीला एकावर एक दोन ड्रेस घालायला लावले, तिचे दाखले पोटाला बांधले, वरून ओढणी घट्ट. पिशवी नाही. पिशवी दिसली की संपलं. स्टुलाचा मार लागलेली तिची पाठ काळीनिळी झाली होती. दाखले बांधताना माझा हात लागला तशी तिने ओठ दाताखाली धरला, पण आवाज नाही काढला. आवाज न काढायचं शिक्षण तिला घरातच मिळालं होतं.

"आई, तू पण चल," ती कुजबुजली.

"दोघी निघालो आणि त्याने हाक मारली तर? ओ द्यायला मी घरात हवी. तू नीघ. मावशी स्टँडवर तिकीट काढून बसलीय. बस हलली की ती मला मेसेज करेल. मग मी बघते माझं."

"बघते म्हणजे काय करणार?"

"तुझ्या बापाच्या नाकावर टिच्चून बाहेर पडणार, आणखी काय!" मी म्हटलं. पोरीसमोर रुबाब दाखवायला काय जातंय.

चार वाजता तो बसला. मी बाथरूममध्ये जाऊन बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, 'तुमच्या आधी एक जण आहे, कृपया थांबा.' ही कोण सटवी आजच उगवली? ह्या बाईने कुठल्याही क्षणी 'जमलं' दाबलं की तो खुर्ची फिरवणार, म्हणून तेवढ्यात पोरीला सोडायची हिंमत होईना. सव्वाचार. साडेचार. बाहेरून त्याच्या बोटांचा टपटप आवाज. पावणेपाच. मी बादलीवर बसून नखं खात होते. पाच वाजले तेव्हा माझ्या फोनवर आलं, 'नमस्कार पाहुणीताई! बोला, आज कुठे अडलंय?'

मी लिहिलं, 'माझं सगळं पान गेलं.' आणि बाथरूमचं दार किंचित उघडून पोरीला खूण केली.

ती अनवाणी निघाली. चपला हातात. बाहेरच्या खोलीत त्याच्या खुर्चीमागून जायला सहा पावलं लागतात. मी मोजलेली. तो लिहीत होता, 'काही हरकत नाही. वर डावीकडे उलटा बाण आहे, तो दाबा.' मी लिहिलं, 'बाण कुठे?' पोर तिसऱ्या पावलाला थांबली, पाठीत कळ आली असावी, तिने खुर्चीच्या पाठीला धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला. 'वर. घड्याळाच्या खाली,' तो. 'दिसला, दिसला,' मी. कडी निघाली. तेलाने काम केलं. दार उघडलं, पोर गेली, दार टेकलं.

आता साडेपाच वाजेपर्यंत त्याला धरून ठेवायचं होतं.

ह्या कामात नवी माणसं एक चूक हमखास करतात. टाइप झालं की 'जपून ठेवा' दाबायच्या ऐवजी 'पान परत करा' दाबतात, आणि केलेलं सगळं पुसलं जातं. मी ती चूक केली. त्याने समजावलं. मी पुन्हा केली. त्याने पुन्हा समजावलं, ह्या वेळी चित्र काढून पाठवलं, बटणाभोवती लाल गोल करून. मी तिसऱ्यांदा तीच चूक केली.

बाहेरच्या खोलीत धाडकन आवाज झाला, टेबलावर मूठ आपटल्याचा. "रांडेची अक्कल काय गहाण पडलीय काय!" तो ओरडला. माझ्या फोनवर आलं, 'छान प्रयत्न! अगदी जवळ आलात. 🙂'

मी तोंडात पदर कोंबला. हसू होतं की रडू, मलाच कळेना.

मग तो बोलला, खराखुरा, हेडफोन घातलेल्या माणसासारखा मोठ्याने, "ए! चहा!"

पोर रोज चहा न्यायची. आता पोर नव्हती. मी एका हाताने फोनवर 'थांबा हं, पुन्हा करते' लिहिलं, आणि दुसऱ्या हाताने गॅस पेटवला. चहा नेऊन त्याच्या उजव्या हाताशी ठेवला. फोन माझ्या पोलक्यात. तो हेडफोन एका कानावरून सरकवून, स्क्रीनकडे बघतच म्हणाला, "ती कुठाय?"

"झोपलीय. पाठ दुखतेय तिची."

"दुखू दे," तो म्हणाला आणि कपाला तोंड लावलं. त्याच्या स्क्रीनवर माझंच वाक्य होतं. 'थांबा हं, पुन्हा करते.' आणि खाली तो लिहीत होता, 'सावकाश करा ताई. मी इथेच आहे.'

पाच अडतीसला ताईचा मेसेज आला. 'हलली बस. पोर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.'

मी बादलीवर बसून राहिले. खरं तर तिथेच 'जमलं' दाबून, सकाळची वाट बघून, लाँड्रीत जाते म्हणून मी निघायचं असं ठरलं होतं. पण सहा वाजता तो उठणार, पोरीच्या खोलीत डोकावणार आणि मग सकाळ माझ्या नशिबी नव्हती. हे मला आधी का सुचलं नाही? पोरीचाच विचार करता करता मी स्वतःला हिशेबातच धरलं नव्हतं. अशी बावळट मी.

मग मी लिहिलं, 'एक विचारू का दादा? मी हे अर्धं टाकून आत्ता उठून गेले तर चालेल का?'

मग आलं, 'अगदी चालेल. इथे कोणावर सक्ती नाही. तुमचा जीव महत्त्वाचा. परत याल तेव्हा मी असेन.'

मी 'जमलं' दाबलं नाही. फोन पोलक्यात घातला, चपला हातात घेतल्या आणि बाहेरच्या खोलीत आले.

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. कडी काढली. दार उघडलं. आणि जिन्यातून वाऱ्याचा झोत आत आला. भिंतीवरचा नियमांचा कागद फडफडला, एका कोपऱ्याने सुटला आणि त्याच्या हातावर पडला.

तो वळला. हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवला. घाई नव्हतीच त्याला.

"कुठे?"

मी धावले. त्याने वेणी पकडली. मी चौकटीला हात घातला, उजवा. त्याने ते बघितलं. हे मी शपथेवर सांगते, त्याने माझ्या हाताकडे बघितलं, आणि मग दार ओढलं. पूर्ण ताकदीने. हाडं मोडल्याचा आवाज मला चांगल्या कानाने ऐकू आला. त्याने दार उघडलं आणि पुन्हा ओढलं.

मी किंचाळले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, सगळी इमारत जागी होईल अशी. त्याचा पंजा तोंडावर आला तेव्हा मी मनगटात दात रोवले आणि सोडले नाहीत. रक्त आलं तोंडात. त्याने माझं डोकं भिंतीवर आपटलं, मी सोडलं नाही. दुसऱ्यांदा आपटलं, तेव्हा त्याच्या हाताची कातडी माझ्या दातांत राहिली आणि मी जिन्यावरून गडगडत खालच्या मजल्यावर गेले.

तिथे शिंप्याचं दुकान आहे. म्हातारे शिंपीकाका कात्री हातात घेऊन बाहेर आले. "वर हो," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "एक पायरी जरी उतरलास तर पोटात घालीन." दुकानातल्या दोन बायका माझ्यासमोर उभ्या राहिल्या. तो मनगट धरून बघत राहिला, थुंकला, आणि म्हणाला, "जाऊन जाऊन जाणार कुठे? पोरगी तर घरात आहे माझ्या."

मग तो वर गेला. दार लावल्याचा आवाज आला. बिजागरी करकरली नाही.

त्या दोघींनी मला दवाखान्यात नेलं, तिथे त्याच नर्सबाई होत्या. बोटांकडे बघून त्यांनी डोळे मिटले. "आता काय सांगणार? दारात सापडली?"

"दारात सापडली," मी म्हटलं. "दार लावणारा माझा नवरा. लिहा. त्याचं पूर्ण नाव सांगते."

त्यांनी लिहिलं. पोलिसांना फोन केला. दोन बोटं पुढच्या पेरापासून काढावी लागतील, असं डॉक्टर म्हणाले. हाताला भलंमोठं बँडेज करून मला कॉटवर बसवलं. तेव्हा आठवलं, फोन अजून पोलक्यातच आहे. काढला. काच तडकली होती, पण चालू होता. चॅट उघडंच होतं.

पाच एकोणसाठ. 'माफ करा ताई, जरा उठावं लागलं होतं. बोला, कुठे अडलंय?'

सहा वीस. 'घाई नाही. सावकाश करा.'

सहा पन्नास. 'मी थांबलोय. तुम्ही जमलं दाबेपर्यंत मी कुठे जात नाही.'

माझी बोटं दारात चेचून, मनगटाला फडकं बांधून, हा माणूस परत खुर्चीत जाऊन बसला होता. लाल ठिपका नको म्हणून. पोर आत झोपलीय अशा समजुतीत. मी कॉटखालच्या भांड्यात ओकले.

मग डाव्या अंगठ्याने लिहायला घेतलं. अंगठा सारखा चुकत होता. एकेक अक्षर शोधून लिहिलं.

'शांतदादा, पान गेलं नाही. पोर गेली. तुमच्या पाठीमागून, पाच वाजून पाच मिनिटांनी, मी तुम्हाला बाण विचारत होते तेव्हा. तिची बस तुमच्या हाताबाहेर गेली. डाव्या हाताने लिहितेय, चुका होतील, कारण उजव्या हाताची दोन बोटं तुम्ही दारात मोडलीत. हे सगळं इथेच राहू द्या. गटातल्या सगळ्यांना वाचता येतं ना?'

खाली 'शांतदादा लिहीत आहेत' असं आलं. गेलं. पुन्हा आलं. पुन्हा गेलं. मी वाट बघत बसले. खरं सांगते, अजूनही मला वाटत होतं, तो लिहील. माफी नाही तर निदान शिवी.

मग लाल अक्षरांत एक ओळ आली. 'मदतनीस संवाद सोडून गेले आहेत. तुमचं काम जमलं का?'

खाली बटण होतं. नर्सबाई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. "दाबा की," त्या म्हणाल्या.

"थांबा," मी म्हटलं. "आधी पोलीस त्याच्या दारात जाऊ देत."